राखेतली चढण

जपून या हो, अंगणात आत्ताच सडा टाकलाय. चपला पायातच असू द्या, आत काढा. लाइन गेली आहे, ती आता जेवणं होईस्तोवर येत नाही. दिग्रसला या दिवसांत विजेचं असंच चाललंय. कंदील मधे ठेवते. मी जरा दम खाते, मग सांगते.

शेजारून हसण्याचा आवाज येतोय ना? ऐका. आमची अन् त्यांची भिंत एकच. या भिंतीला कान आहेत असं आमचे मालक म्हणतात, अन् ते कान माझे आहेत असंही म्हणतात. खोटं नाही. मला लोकांच्या घरातलं कळल्याशिवाय जेवण जात नाही. पण मी कोणाचं वाईट चिंतलं नाही कधी. कोणाकडे ताप आला तर आधी माझा काढा पोचतो, मग डॉक्टर.

तर मी रुपीबाई. तांड्यावर वाढले, शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन या गल्लीत आले. मालक, शंकरसिंग, मागच्या जिनिंगमध्ये होते. जिनिंग चालू होती तेव्हा हिवाळाभर गल्लीत रुई उडायची. दोरीवरच्या कपड्यांवर, तुळशीवर, भाकरीच्या पिठातसुद्धा पांढरं तूस. तेव्हा कटकट वाटायची. मग कापसाचे दिवस फिरले, फाटकाला कुलूप लागलं, अन् गल्ली इतकी स्वच्छ झाली की पाहून जीव दडपावा.

भिंतीपलीकडे श्रीकृष्णकाका. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, सकाळी पूजा, दुपारी पेपर, शब्दाला पक्के. काकू मागंच गेल्या. मुलगा सलील, दगडांचा शिकलेला. सून अनघा, शाळेत मास्तरीण.

त्या दिवशीचं काम साधंच होतं. काकांचा निरोप आला, "रुपीबाई, चुलीची राख पाहिजे. चाळून आणा." गल्लीत चूल आता माझ्याकडेच पेटते, बाकी सगळीकडे गॅस. मी बाभळीची राख मैद्याच्या चाळणीतून चाळली, परातीत घेतली अन् निघाले. उन्हाळा होता. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

राख कशाला ते मला माहीत होतं. सलील गेला होता. म्हणजे, तसं कळवलं होतं.

तो जपानात एका डोंगराचा अभ्यास करायचा. डोंगर म्हणे लहानसाच, आपल्याकडच्या टेकड्यांत सहज खपून जाईल असा. पण पोटात आग असलेला. नाव त्यानं मला कितीदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसलं नाही. मी त्याला बुटका म्हणायची. सलील सुट्टीवर आला की मी भिंतीवरून विचारायची, "काय गा, कसा आहे तुहा बुटका?"

"झोपलाय, काकू. पण घोरतोय."

फार लोभस पोरगा. एकदा पुसदला लग्नाला चाललो होतो सगळे, अन् एसटी पंक्चर झाली, टेकडी कापून रस्ता काढलाय तिथं. लोकं सावली शोधत होती अन् हा त्या कापलेल्या टेकडीला हात लावून उभा. म्हणाला, "काकू, इकडे या. तुमची चूल कशावर मांडली आहे, दाखवतो." काळ्या दगडाचा एक थर, त्यावर विटेसारखी लाल पट्टी, त्यावर पुन्हा काळा थर.

"हा काळा म्हणजे लाव्हा. जमिनीला भेगा पडल्या अन् दूध उतू जावं तसा आला, पसरला, थंड झाला. मग किती काळ कोणास ठाऊक, सगळं शांत. वर माती झाली, त्यावर झाडं उगवली. ती माती ही लाल पट्टी. पुढचा लाव्हा तिच्यावरून वाहिला अन् तिला भाजून गेला. आपली काळी जमीन, त्यातली कापसाची पऱ्हाटी, सगळं या उतू गेलेल्या दुधावर."

"मंग आता पुन्हा उतू जाईन काय?"

"नाही. आपलं चुलाणं केव्हाच विझलं. बुटक्याचं तसं नाही. तो दूध नाही, कुकर आहे. पावसाचं पाणी झिरपत खाली जातं, तिथं दगड तापलेला. वाफ कोंडते. शिट्टी नसलेला कुकर. मग एखाद्या छान उन्हाच्या दिवशी, काही न सांगता..." त्यानं हातानं झाकण उडवून दाखवलं.

"काहीच सांगत नाही?"

"थोडं सांगतो. गरम झरे असतात पायथ्याशी, त्यांचं पाणी पांढुरकं होतं. फटाके उडवल्यासारखा वास येतो. मग वर जायचं नाही. लहान आहे म्हणून लोकं त्याला भीत नाहीत, काकू. चूक तिथंच होते."

बुटक्याच्या अंगात त्यानं चर खणून पाहिला होता. फार जुनं एक मोठं फुटणं, त्यानं डोंगराचं टाळकंच उडालं. मग वर तळं साचलं, रान वाढलं, लोकांनी देऊळ बांधलं. मग पुन्हा फुटला, पुन्हा गप्प. दर फुटण्याचा एक राखाडी पदर, मधे मातीचा पदर. घडीच्या पोळीचे पदर मोजावे तसा तो ते मोजायचा.

एका सुट्टीला त्यानं चहाचा पत्र्याचा डबा आणला. आत राखाडी भुकटी. बुटक्याच्या मागच्या फुटण्यातली. मी चिमूट घेऊन चोळली. माझ्या राखेसारखी मऊ नव्हती, काच कुटल्यासारखी कचकचत होती.

"भांडे घासाले बरी हाये."

तो हसला, मग म्हणाला, "हिला नुसतं म्हणायचं राख. जळून संपलं त्याची राख होते. हिच्यात काहीच जळलेलं नाही. दगडाचं पीठ आहे हे. यातलं काही संपलेलं नाही, काकू."

हे वाक्य मला पुढं फार आठवलं. जेव्हा आठवायला हवं होतं तेव्हा नाही.

मग एक दिवस तिकडच्या मोठ्या सरांचा फोन आला. वरचं एक यंत्र गप्प झालं होतं म्हणून सलील ते पाहायला एकटा चढला, अन् बुटका फुटला. उन्हाचा स्वच्छ दिवस. शोधणारे गेले, पण वर विषारी वाफ अन् सिमेंटसारखा चिखल. शोध थांबवला. सर इंग्रजीत रडत होते, अनघानं ऐकून घेतलं अन् फोन जागेवर ठेवला. "शोध थांबवलाय," एवढंच म्हणाली.

काकांनी गुरुजींना बोलावलं. देह नसला तर पळसाच्या पानांचा देह करतात. पळसाला आपल्याकडे काय तोटा. अरुणावतीच्या काठी त्या पानांना अग्नी दिला. अनघा गेली नाही. गळ्यात मंगळसूत्र तसंच, कपाळावर टिकली तशीच. काकांशी बोलणं जवळजवळ बंद.

तर मी परात घेऊन पोचले. सलीलच्या मागच्या खोलीत, शहाबादी फरशीवर काका उकिडवे बसलेले, हातात तो चहाचा डबा.

"काकाजी, राख आणली जी."

"परत न्या, रुपीबाई. हीच पसरायची."

"पण हे तं त्या डोंगराचं..."

"मला माझ्या पोराचं एक हाड मिळालं नाही." त्यांचा आवाज कोरडा होता. "ज्यात तो गेला, ते हे. त्याची राख हीच."

कोपऱ्यात बसलेल्या गुरुजींनी मान हलवली. बापाच्या तोंडावर कोण काय बोलणार?

तुमच्याकडे ही रीत आहे की नाही माहीत नाही. माणूस गेला की त्याच्या जागी राख पसरतात, त्यावर दिवा ठेवतात, वरून टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पाखराचा पंजा उमटला तर पाखराचा जन्म, गाईचा खूर तर गाईचा, माणसाचं पाऊल तर माणसाचा. म्हणजे जीव सुटला, पुढं गेला. राख सपाट राहिली तर जीव अडकला. टोपलंही माझ्याच घरचं गेलं, जिनिंगमधलं कापसाचं, चांगलं रुंद.

अनघा दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, पाऊल उमटलं नाही तर मला कोणी टिकली काढायला सांगायचं नाही."

"आणि उमटलं तर?"

ती हळूच म्हणाली, "तर मी मानीन."

सगळं त्या टोपल्याखाली जाऊन बसलं, बघा.

सकाळी मी दुधाचं निमित्त काढून हजर. काकांनी टोपलं उचललं. दिवा विझला होता. राखेत पाऊल होतं. माणसाचं, मोठ्या माणसाचं. काकांनी दोन्ही हात जोडले, अन् इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सुटला... सुटला माझा पोरगा."

अनघा गुडघ्यावर बसली. बराच वेळ पाहत राहिली.

"बाबा, हा बूट आहे."

खरंच होतं. बोटं नव्हती. बुटाचा तळ होता, अन् पंजाखाली सायकलच्या टायरची नक्षी. जाण्याआधी स्टँडजवळच्या फुलचंद मोच्यानं सलीलच्या बुटाला टायरचा तुकडा ठोकून दिला होता. मीच भाव करायला सोबत होते.

"जन्माला येणारा बूट घालून येतो का?" अनघा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं, पण मला पाहवलं नाही. "तो चालतोय, बाबा."

काका म्हणाले, राख नदीत सोडू. ती टोपल्यावर हात ठेवून बसली. सासऱ्यापुढं कधी मान वर न करणारी पोरगी, त्या दिवशी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पावलापुढं एक पाऊल. मग त्याच्यापुढं. टोपलं पुरेना तेव्हा तिनं ते बाजूला केलं अन् डब्यातली राख पुढं पुढं चाळत गेली. डबा तळहाताएवढा. खोलीभर राख झाली तरी तो रिकामा होईना. मी हे शंकरसिंगला सांगितलं.

"तुह्या डोळ्याले सगळं मोठंच दिसते," तो म्हणाला. "कायले जातं वं तिथं रोज? तिले तिचं दुःख करू दे."

"अन् दोरीवर हे काय पडून राह्यलं मंग? जिनिंग सुरू झाली काय?"

त्यानं दोरीवरचं धोतर बोटानं पुसून पाहिलं. राखाडी तूस. बोटात चोळलं तर कचकचलं. फाटकाच्या कुलपाला गंज चढून ते दगडासारखं झालं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग हापशीचं पाणी पांढुरकं यायला लागलं. आधी वाटलं, चुना असेल. हात घातला तर कोमट. उन्हाळ्यात कोमट येतंच, असं मी मनाला सांगितलं. पण दुपारी, सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना, भिंतीतून वास यायचा... दिवाळीच्या दुसऱ्या सकाळी अंगणात येतो ना, तसा.

अशाच एका दुपारी तिनं भिंतीवर थाप मारली. "काकू, या जरा."

खोलीत पाय टाकवत नव्हता. फरशी उन्हात तापलेल्या तव्यासारखी, खिडकी बंद असताना. राखेत पावलांची रांग, भिंतीपासून निघून आडवी गेलेली.

"तुम्ही शेताच्या, तांड्याच्या. तुम्हाला माग कळतो. मला नीट पाहून सांगा. हा चढतोय की उतरतोय?"

माझा आजा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट चढायचा. बैलाचा असो की माणसाचा, चढतीचा माग वेगळा असतो. पुढचा भाग रुततो, टाच नुसती टेकते. उतरताना टाच रुतते. मी वाकून पाहिलं. टायरची नक्षी खोल बसली होती. टाचा पुसट.

"चढून राह्यला, पोरी."

तिनं डोळे मिटले. "मला वाटत होतं तो घरी येतोय."

"अनघा..."

"पाणी पांढरं झालंय, काकू. वास येतोय. हे फुटल्यानंतरचं नाही, फुटायच्या आधीचं आहे. तिकडे, या पावलांच्या वाटेवर, तो अजून फुटलेला नाही."

"कोण?"

"तुमचा बुटका." ती उठली. "अन् हा यंत्राकडे पाहत चाललाय. खाली पाहतच नाही."

मी तिचा हात धरला असता. धरला नाही, कारण मला कळलंच नाही ती काय करते आहे. तिनं साडी थोडी वर खोचली, अन् त्या शेवटच्या पावलाच्या पुढं, त्याच्याकडे तोंड करून, अनवाणी राखेत उभी राहिली. वाट अडवून. डबा विसरून निघालेल्या नवऱ्याला दारातून हाक मारावी, तशा साध्या आवाजात म्हणाली, "अहो... मागं फिरा."

काही झालं नाही. मग खिडकीचे गज गुणगुणायला लागले. फार बारीक, दात शिवशिवावेत असे. फरशीखाली, खूप खाली, काहीतरी कूस बदललं. राख उठली. वारा नव्हता, तरी जमिनीपासून गुडघ्याइतकी उठली अन् मला तिचे पाय दिसेनासे झाले. मला ओरडायचं होतं... तोंडात कचकच होती.

राख बसली तेव्हा ती तिथंच उभी होती. घामानं चिंब. "पाय भाजले का गं?" मी विचारलं. तिनं पाय उचलून पाहिले, जसे दुसऱ्या कोणाचे असावेत. राखेत तिची दोन्ही पावलं उमटली होती, बोटांतल्या जोडव्यांच्या रेघांसकट.

दुसऱ्या सकाळी बुटाचं पाऊल फिरलं होतं. टाच खोल रुतलेली. उतरणारं पाऊल. अनघानं मला मिठी मारली अन् आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो, रडलो. तेव्हा एक मी पाहिलं होतं. तिची पावलं आदल्या दिवशीच्या जागेवर नव्हती. तो जिथून मागं फिरला होता, त्याच्याही वर एक अनवाणी पाऊल होतं. पाठमोरं. बोटांचा भाग रुतलेला. मला वाटलं, राख चाळताना ती तिकडे गेली असेल.

त्याच आठवड्यात तिकडच्या सरांचा फोन आला. सलील सापडला होता. डोंगराच्या दुसऱ्या अंगानं, राखेनं माखलेला, आपल्या पायांनी चालत खालच्या गावात आला. बुटांचे तळ जळालेले, अंगाला साधं खरचटलंही नाही. तिथले लोक त्याला हात लावून पाहत होते म्हणे.

तो घरी आला त्या दिवशी गल्ली लोटली. अनघानं दारात भाकरतुकडा ओवाळला. मी अंगणात सडा टाकला होता, आजच्यासारखाच. काकांनी त्या आधीच डबा, राख, सगळं अरुणावतीत सोडून फरशी धुऊन काढली होती.

चहा घेताना मी विचारलंच. माझ्यानं राहवत नाही. "कुठी होता गा इतके दिवस?"

"मला एकच दिवस वाटतो, काकू." तो कपात पाहत बोलत होता. "डोंगराच्या तोंडापर्यंत पोचलोच होतो. वळणावर कोणीतरी वाट अडवून उभं होतं. साडीत. अनवाणी, त्या तापलेल्या राखेत. चेहरा वाफेत होता. मी मागं फिरलो अन् मग तो फुटला. मी पळालो. मागं वळून पाहिलं नाही." तो थांबला. "त्या बाईचं काय झालं कोणास ठाऊक. ती वरच होती."

अनघा ओट्याजवळ उभी होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही.

निघताना मी अंगणात पाहिलं. सड्याच्या ओल्या मातीत सगळ्यांची पावलं. सलीलच्या नव्या बुटांची, काकांच्या खडावांची, लेकराबाळांची. अनघा ओवाळायला पुढं आली होती, मागं गेली होती, ओवाळलेलं पाणी टाकायला पुन्हा बाहेर आली होती. जोडव्यांची रेघ मला कुठं दिसली नाही.

मग मी पाहतच राहिले. न्हाणीतून ओल्या पायांनी निघायची, फरशी कोरडी. धुळीतून चालायची, धूळ तशीच. बाकी सगळं ठीक. शाळेत जायची, स्वयंपाक करायची. फक्त चालताना पुढं वाकायची. सपाट गल्लीत मधेच थांबून भिंतीला हात लावायची, दम खायची. एकदा मला म्हणाली, "काकू, इथं चढ आहे ना?"

"कुठी वं? सपाट तं हाये."

"हो का?" म्हणाली अन् हसली. पण पाऊल उचललं ते चढावरच टाकतात तसं.

माझी ती परत आणलेली राख परातीत तशीच राहिली होती, चुलीमागं. साधी बाभळीची, जळून संपलेली राख. एका सकाळी त्यात पाऊल होतं. लहान, अनवाणी, जोडव्याच्या रेघेसकट. पुढचा भाग रुतलेला.

मी हातानं सपाट केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा. रोज सपाट करायची, रोज तेच. अन् हापशीचं पाणी पुन्हा पांढुरकं होऊ लागलं.

सलीलला सांगावं असं खूप वाटलं. ओठांवर यायचं. पण सांगितलं तर तो काय करेल, मला माहीत होतं. तिच्यापुढं जाऊन उभा राहिला असता. मग तिला खाली आणून तो वर. मग पुन्हा ती. माझ्या पोटातलं काही पोटात राहत नाही असं गल्ली म्हणते. एवढं एक राहिलं.

काल दुपारी ती माझ्या दाराच्या पायरीशी अडली. एकच पायरी. चढवेना. मी हात दिला तर तळहात तव्यासारखा.

"आता जवळच आहे, काकू," ती म्हणाली.

"काय जवळ आहे?"

"माहीत नाही. वर उजेड आहे." तिच्या श्वासाला तो वास होता. "मला परत यायचं होतं हो. पण कोणी हाक मारत नाही..."

रात्री स्वयंपाक झाल्यावर मी परातीजवळ बसले. पोरगी माझ्या लेकीच्या, अनुच्या वयाची. माझी अनु लग्न होऊन राळेगावला सुखात आहे, माझं सगळं झालं आहे, असं मनात आलं. खरं सांगते. आलं. अन् भीतीही आली. शंकरसिंगला मी नसले तर चहासुद्धा करता येत नाही. मी राख सपाट केली, त्या परातीला हात जोडले अन् जाऊन पडले. पाय ठेवला नाही. देवाशपथ, मी त्यात पाय ठेवला नाही.

आज सकाळी अनघा आली. विरजण मागायला, वाटी घेऊन, हापशीवरून पाय धुऊन. तरतरीत. पायरी टुणकन चढली. "काकू, काल किती गाढ झोपले! कोणीतरी हाक मारून उठवलं असं वाटलं," म्हणाली. अन् माझ्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर, दारापासून चुलीपर्यंत, ओली पावलं. जोडव्यांच्या रेघा. टाचा चांगल्या रुतलेल्या. मी तिला जवळ घेतलं. ती हसायला लागली, "असं काय करता, काकू?" तेच हसणं आत्ता तुम्ही भिंतीतून ऐकलं.

ती गेल्यावर मी परातीत पाहिलं.

तिचं पाऊल फिरलं होतं. अन् त्याच्यासमोर, वाट अडवून, दुसरं एक पाऊल. अनवाणी, रुंद, भेगा पडलेलं. जोडवं नाही, मी घालत नाही. डावा पाय. करंगळीशेजारचं बोट नाही.

हे पाहा. लहानपणी ज्वारी सोंगताना विळ्यानं गेलं. माझं पाऊल गल्लीतली लेकरं लांबून ओळखतात.

परात मी झाकून ठेवली आहे. सकाळपासून खाली पाहिलं नाही. पाय पुसूनच घरात येते, कोरड्या पायांनी फिरते. मालक विचारत होते, कंबर दुखते काय तुही, वाकून काहून चालतं? सांजवेळी सडा तर टाकावाच लागतो. टाकला, अन् त्यावरूनच चालत आत आले. तुम्ही मागून आलात.

आता निघायचं तर कंदील घेऊन जा. अंगणात जरा खाली धरा. तुमच्या चपलांच्या ठशांशेजारी, घराकडे येणारी, एक बोट नसलेली पावलं आहेत का तेवढं पाहा. असली तर मोठ्यानं सांगा, मी इथूनच ऐकेन. नसली तर... नसली तर काही बोलू नका. नुसतं फाटक लावून घ्या.

अन् एक विचारू? फाटकापासून इथवर येताना तुम्हाला चढ लागला का हो?